सिनेमा आवडलेली मैत्रीण आणि नाव नसलेल्या बाई

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी २६ वर्षांची आहे, नोकरी करते. वर्षभरापूर्वी एका अभ्यासवर्गात तिची 'इंटरसेक्शनल' स्त्रीवादाशी, म्हणजे बाईपण, जात, वंश, वर्ग हे सगळं एकत्र धरून बघणाऱ्या विचाराशी, ओळख झाली आणि तेव्हापासून सिनेमा, मालिका, बातम्या यांतलं काहीच पूर्वीसारखं बघता येत नाही. महिन्याभरापूर्वी ती जिवलग मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेली. त्यातली नायिका छळणाऱ्या नवऱ्याला सोडते, मुलीला घेऊन वेगळी राहते, कर्ज काढून व्यवसाय उभा करते. मैत्रीण शेवटी ढसाढसा रडली. बाहेर पडता पडता ही म्हणाली, "त्या कामवाल्या बाईंना अख्ख्या सिनेमात नाव नाही, लक्षात आलं का?" मैत्रिणीचा स्वतःचा घटस्फोटाचा खटला चालू आहे, तिलाही मुलगी आहे. ती एवढंच म्हणाली, "माझ्या रडण्याचंही ऑडिट करणार का तू?" त्यानंतर फोन नाही. दुसरा प्रसंग ऑफिसातला. बलात्काराच्या एका बातमीवर हिने 'यातली जात विसरू नका' अशी लांबलचक पोस्ट टाकली. दुसऱ्या दिवशी एका दलित सहकारी बाईंनी विचारलं, "आमच्याबद्दल एवढं लिहितेस, आमचं काही वाचतेस का?" हिने पोस्ट काढून टाकली. आता ती विचारते: हा सगळा सिद्धान्त बासनात बांधून ठेवू का? ठेवला तर अप्रामाणिक वाटतं, वापरला तर माणसं तुटतात. आणि मुळात मला बोलायचा अधिकार आहे का?

*

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मैत्रिणीची बाजू घेऊन तुझा जरा रागच आला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पटलं की तू पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. बाईंना नाव नाही ही गोष्ट खरीच आहे. पण ते दिसल्यावर तू हिशेब मागितलास तो रडणाऱ्या मैत्रिणीकडे. सिनेमा लिहिणारे, काढणारे, त्यावर पैसे लावणारे सगळे सुखरूप घरी गेले.

या सिद्धान्ताचा जन्म कसा झाला ते आधी सांगते. अभ्यासवर्गात कदाचित हे घाईत उरकलं असेल. अमेरिकेत सेंट लुईस इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय बायकांना कामाला घेतच नसत. पुढे घेतल्या. मग मंदी आली आणि कपातीसाठी नियम लागला सेवाज्येष्ठतेचा: शेवटी आलेला आधी जाईल. नियम सगळ्यांना सारखाच. पण ज्यांना दारातून आतच उशिरा घेतलं होतं त्या अर्थातच शेवटी आलेल्या होत्या. १९७० नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय बायका झाडून सगळ्या घरी गेल्या. एमा डीग्राफेनरीड आणि आणखी चौघी न्यायालयात गेल्या. १९७६ साली निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: कंपनीने बायकांना कामावर घेतलेलं आहे, म्हणजे लिंगभेद नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर त्याचा दुसरा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही एकत्र करून नवाच वर्ग तयार करायला कायदा सांगत नाही. आता त्या घेतलेल्या बायका कोण, तर ऑफिसात बसणाऱ्या गोऱ्या. कारखान्यातले कृष्णवर्णीय कोण, तर पुरुष. या पाच जणी दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडल्या.

या निकालावर किम्बर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९८९ साली लेख लिहिला आणि चौरस्त्याची उपमा दिली. चौकात अपघात झाला की गाडी या रस्त्याने आली की त्या, की दोन्हीकडून, ते दर वेळी सांगता येत नाही. पण जखमी माणूस तर समोर पडलेला असतो. मराठीत या संकल्पनेला कुणी आंतरछेदिता म्हणतं, कुणी याहून अवघड काही. मी आपली चौक म्हणते. तोंडात बसतो आणि कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता बघ, क्रेनशॉंनी काय वाचलं? भरतीची यादी, कपातीचा नियम, न्यायालयाचा कागद. कुणाची आवडनिवड नाही, कुणाचे अश्रू नाहीत. तुझ्या पत्रात मला एक गृहीतक सारखं दिसत राहिलं: हा सिद्धान्त म्हणजे गुणपत्रिका आहे. सिनेमाला किती गुण, बघणारीला किती, आणि सगळ्यांत कडक परीक्षक आपण स्वतः. असे गुण देणं मीही केलेलं आहे. तरुणपणी एका लग्नाच्या मांडवात बसून मी कन्यादानावर असं काही बोलले होते की नवरीच्या मावशीने जेवायला माझ्या शेजारी बसायचं टाळलं. बोलले ते आजही पटतं. मावशींना काय वाटत असेल हे मात्र तेव्हा मनातही आलं नव्हतं.

तर सिनेमा. तू लिहिलेल्या तपशिलांतला एक माझ्या डोक्यातून जात नाही. नायिका बँकेत कर्जाच्या कागदावर सही करते, पार्श्वसंगीत चढतं, कॅमेरा तिच्या हातावर. आणि मुलगी त्याच बाईंच्या कडेवर, चौकटीच्या कडेला, अर्धी कापलेली. तू लिहितेस, "बाईंचा चेहराही दिसत नाही, फक्त खांदा." हे निरीक्षण फार चांगलं आहे. मात्र त्यातून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट म्हणते, सिनेमा खोटा, रडणारी भोळी. दुसरी विचारते, ती सही होऊ शकली ती कुणाच्या खांद्यावर, आणि त्या खांद्याला महिन्याला किती पैसे मिळतात? पहिल्या वाटेवर दोन वाक्यांत गप्पा संपतात. दुसरीवर त्या सुरू होतात, आणि नायिकेचं धाडसही खोटं ठरत नाही. तिने नवरा सोडला हे खरं. तिच्या मुलीला कुणीतरी सांभाळलं हेही खरं.

सिनेमात किती बायका आहेत, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का, अशी एक कसोटी १९८५ साली ॲलिसन बेकडेल यांच्या व्यंगचित्रांतून प्रसिद्ध झाली. तुमचा सिनेमा ती आरामात पास होईल: नायिका आणि तिच्या वकीलबाई कर्जाबद्दल बोलतात, झालं. त्या बाई कसोटीतूनही निसटतात. म्हणून मी सिनेमा बघताना कसोट्या लावत नाही. एकच गोष्ट करते: शेवटी श्रेयनामावली येते तेव्हा उठत नाही. कुणाच्या पुढे नाव आहे आणि कुणाच्या पुढे 'बाई', 'वॉचमन', 'गावकरी १' आहे, ते वाचते. मग त्यांतलं एक पात्र धरून तोच सिनेमा मनात पुन्हा चालवते. बाई त्या घरी किती वाजता आल्या? त्यांची स्वतःची मुलगी त्या वेळी कुठे होती? सिनेमाने हे सांगायलाच हवं होतं असं नाही. पण त्याला काय विचारायचं सुचलंच नाही, ते कळतं.

पडद्यावर कोण कुठल्या रूपात चालेल याचे नियम आपल्याकडे सिनेमाइतकेच जुने आहेत. मल्याळममधल्या पहिल्या मूकपटाची नायिका पी. के. रोझी दलित होती आणि तिने पडद्यावर नायर, म्हणजे सवर्ण, घरातली मुलगी रंगवली. तिरुवनंतपुरमच्या पहिल्या खेळाला पडद्यावर दगड आले. रोझीला तिथून पळून जावं लागलं आणि उरलेलं आयुष्य तिने सिनेमापासून दूर, तमिळनाडूत काढलं. नट्यांना तेव्हा नावं सगळीकडेच ठेवली जात, आणि दलितांना सगळीकडेच बाहेर ठेवलं जाई. पण 'दलित बाई नायर बाई झाली' हा राग त्या दोन्हींपैकी एकात मावत नाही. त्या जागी सवर्ण नटी असती तर कुजबुज झाली असती. दलित नट नोकराच्या कामात असता तर बहुधा कुणी मान वळवून पाहिलंही नसतं. चौक म्हणजे काय ते मला परदेशी निकालापेक्षा रोझीमुळे जास्त कळलं.

आता तुझी मैत्रीण. तुला बाई दिसल्या. शेजारच्या खुर्चीतली दिसली का? तिचा खटला चालू आहे. पोटगीचा अर्ज, तारखा, वकिलाची फी, एकट्या बाईला घर देताना मालकाने विचारलेले प्रश्न, आईकडे राहावं लागत असेल तर आईचे प्रश्न. नोकरी करून हे सगळं ती कशी निभावते? हाही चौकच आहे. कायद्याने तिला हक्क दिलेले आहेत, कमावतीही आहे, म्हणून दोन्ही याद्यांत ती 'ठीक' दिसत असेल. ती रडली ते नायिकेच्या उद्योगासाठी असेल असं मला वाटत नाही. सहीसाठी रडली असेल. तिला स्वतःला अशा किती सह्या करायच्या आहेत कोण जाणे. तुझ्या सिद्धान्ताला पडद्यावरच्या बाई दिसल्या आणि अंधारात बसलेली ही दिसली नाही. ही चूक सिद्धान्ताची नाही. त्याने तुला अगदी शेजारीही बघायला सांगितलं असतं.

कुठल्याही निरीक्षणाला वेळ असते, हे वेगळं सांगायला नको. दिवे लागल्यापासून पार्किंगपर्यंतची दहा मिनिटं ही ती वेळ नव्हे. माझा स्वतःपुरता नियम असा: समोरच्याला काय आवडलं ते आधी पूर्ण ऐकायचं, आणि माझं म्हणणं दुसऱ्या दिवसावर टाकायचं. दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळा ते बोलावंसंच वाटत नाही. उरलेल्या वेळा ते जास्त नीट बोलता येतं.

तुझ्या सहकारी बाईंचा प्रश्न याहून अवघड आहे. तू त्यांचं बोलणं 'बोलू नकोस' असं ऐकलंस. पत्रात तूच लिहिलेलं वाक्य पुन्हा वाच: "आमचं काही वाचतेस का?" त्यांनी वाचायला सांगितलं, तू पोस्ट पुसलीस. पुसल्यामुळे तुझी चूक गेली की नाही माहीत नाही, त्यांचा आक्षेप मात्र त्याबरोबर गेला.

आणि वाचायला आपल्याकडे कितीतरी आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांच्या दुःखांबद्दल लिहिताना ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते: डोक्यावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात बाळंत व्हायचं. चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी. जात आणि बाईपण वेगळं काढून दाखवा म्हटलं असतं तर तिने काय केलं असतं? क्रेनशॉंच्या १३४ वर्षं आधीची ही गोष्ट. आणि ज्या १९८९ साली क्रेनशॉंचा लेख आला त्याच वर्षी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या बायकांना त्या प्रत्यक्ष जाऊन भेटल्या आणि त्यांचं बोलणं त्यांनी लिहून काढलं. तुझ्या अभ्यासवर्गाच्या यादीत यातलं किती होतं? मला शंका आहे. इंग्रजीतून आलेली संकल्पना आपण मराठीत आणतो आणि मराठीत आधीपासून असलेलं कपाट उघडतच नाही.

अधिकाराबद्दल समाजशास्त्राच्या अभ्यासक शर्मिला रेगे यांनी १९९८ साली जे मांडलं ते मला अजूनही सर्वांत उपयोगाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की दलितेतर स्त्रीवादी बाईला दलित बाई 'म्हणून' बोलता येणार नाही, तिच्या 'वतीने'ही नाही. पण दलित स्त्रीवादाची भूमिका शिकून, स्वतःला बदलून त्या जागेवरून विचार करता येतो. म्हणजे तोंड बंद करून सुटका नाही, आणि आयता माइकही नाही. सहकारी बाईंना मोठं माफीपत्र लिहू नकोस. त्यामुळे तुझी समजूत घालायचं आणखी एक काम त्यांच्यावर पडतं. 'तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, मी वाचायला घेतलंय,' एवढं पुरे. कुठलं पुस्तक घेऊ, असंही त्यांना विचारू नकोस. ग्रंथालय आहे.

बातम्यांबद्दल तू मुद्दाम विचारलेलं नाहीस, पण पत्रभर ती धास्ती आहे की प्रत्येक घटनेवर आपण लगेच काहीतरी म्हटलं पाहिजे. कोण म्हणतं? बलात्काराच्या बातमीत जात पुसली जाते हा तुझा मुद्दा खरा आहे. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या, जातीने कुंभार. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळं केलं, आणि वरच्या जातीतला पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाही, अशा आशयाचा विचार त्या निकालात होता. त्यांच्या निमित्ताने संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल आला, आणि त्यातून त्याच विषयावरचा २०१३ चा कायदा. तुझ्या ऑफिसात तक्रार समितीचा फलक लावलेला असेल ना, लिफ्टच्या शेजारी वगैरे? तो तिथून आलाय. जिचं कामाचं ठिकाण म्हणजे गावातली गल्ली, तिच्यामुळे. फलकावर तिची जात नाही, तिचं गाव नाही, 'महिला कर्मचारी' एवढंच आहे.

हाच कायदा घराला कामाचं ठिकाण मानतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांतल्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांनी तक्रार कुठे करायची, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. ही समिती आपल्या जिल्ह्यात कुठे बसते हे तुला माहीत आहे का? मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. तुमच्या सिनेमातल्या त्या बाईंना तरी कुणी सांगितलं असेल?

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्र प्रदेशातलं एक प्रकरण आलं. तरुणी अंध होती आणि अनुसूचित जातीतली. न्यायालयाने निकालात आंतरछेदी अत्याचाराची चर्चा केली, क्रेनशॉंचाही आधार घेतला. बलात्काराची शिक्षा कायम ठेवली. पण ॲट्रॉसिटीच्या कलमाखालची शिक्षा रद्द केली, कारण गुन्हा जुना होता आणि कायद्याच्या तेव्हाच्या शब्दांनुसार तो तिच्या जातीच्या 'कारणावरून' घडल्याचं सिद्ध करावं लागत होतं. तो पुरावा नव्हता. ती तिची जात, तिचं अंधत्व आणि तिचं बाईपण कुठल्या क्रमाने घेऊन त्या दिवशी घरात होती, हे कोण सिद्ध करणार? त्या गुन्ह्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१६ पासून, ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला माहीत असणं पुरेसं धरतात. मी हे लांबण लावतेय ते यासाठी की 'जात विसरू नका' एवढ्या पोस्टपेक्षा 'ॲट्रॉसिटीचं कलम लागलं का, नसेल तर का नाही' हा प्रश्न विचारणं जास्त कामाचं असतं. तो विचारायला दोन-चार दिवस थांबावं लागतं. थांब.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते, तुझ्यासारख्या सगळ्यांनाच. बलात्कार झालेल्या व्यक्तीची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. फक्त नाव नव्हे. गाव, शाळा, वडिलांचा धंदा, वस्ती असे चार तपशील एकत्र आले की नाव न घेताही शेजाऱ्यांना कळतं. भंवरीदेवी स्वतःच्या नावाने जाहीरपणे लढल्या, तो त्यांचा निर्णय. तुझ्या पोस्टमध्ये तालुका होता, असं तूच लिहिलंयस. जातीबद्दल बोलताना तालुक्याची गरज होती का?

सिद्धान्त बासनात ठेवू नकोस. अभ्यासवर्गातले शब्द मात्र काही दिवस ठेव. 'प्रिव्हिलेज', 'प्रॉब्लेमॅटिक', 'ब्लाइंड स्पॉट'. हे शब्द न वापरता त्या बाईंबद्दल दहा ओळी लिहून बघ: कुठल्या प्रसंगात त्या दार उघडतात, कुणी त्यांना हाक मारतं, काय म्हणून मारतं. कोणाला पाठवू नकोस. लिहिता आलं तर तुला खरंच काही दिसलंय. न आलं तर पुन्हा सिनेमा बघ.

आणि मैत्रिणीला आज रात्री मेसेज कर. "मी चुकीच्या वेळी बोलले. तारीख कधी आहे? मी येऊ का बरोबर?" न्यायालयात फार वेळ बाकावर बसून काढावा लागतो, सोबत लागते. तिथे कधीतरी ती स्वतःच सिनेमाचा विषय काढेल, किंवा नाही काढणार. तिची मुलगी त्या दिवशी कुणाकडे असते, ते मात्र विचार.

तुझी,
सदरवाली मावशी